छोट्या अणुभट्टीवर बोलावं कसं

येत्या रविवारी कुणाकडे जेवायला गेलात आणि गप्पा वीजबिलावर घसरल्या, तर सौरऊर्जेच्या नादी लागू नका. ती शेजाऱ्याच्या गच्चीवर आहे, तिचा खर्च किती आला हे तो जिन्यात थांबवून सांगतो. तुम्ही नुसतं ‘एसएमआर’ म्हणा आणि कोशिंबीर वाढून घ्या. ‘म्हणजे काय हो?’ असं कुणीतरी विचारतंच. मग सांगा : स्मॉल मॉड्युलर रिअ‍ॅक्टर, म्हणजे छोटी अणुभट्टी, ३०० मेगावॅटच्या आतली. सुटे भाग कारखान्यात बनवायचे, ट्रेलरवरून न्यायचे, जोडायचे. धूर नाही, कार्बन जवळपास नाही.

पंगतीत बोईसरचे काका नाहीत ना, एवढं आधी पाहून घ्या. असले, तर ते विचारणार, ‘३०० च्या आतला? मग आमच्या तारापूरला १९६९ पासून काय आहे?’ तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या मुळात २१० मेगावॅटच्या, पुढे १६० वर आणलेल्या. उत्तर प्रदेशातल्या नरोराच्या, कर्नाटकातल्या कैगाच्या २२० च्या. म्हणजे आपण छोट्याच बांधत होतो आणि त्या मोठ्या कशा होतील हे बघत होतो. २२० च्या ५४० झाल्या, ५४० च्या ७००. कारण साधं आहे. भट्टी निम्मी केली म्हणून पहारेकरी, नियंत्रण कक्ष आणि परवान्यांचे कागद निम्मे होत नाहीत. खोली लहान असली तरी दाराला कुलूप अख्खंच लागतं. यावर ‘ते जुनं तंत्रज्ञान, काका’ असं चुकूनही म्हणू नका. खासगी उद्योगांपुढे ठेवलेली ‘भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर’ ही तीच २२० मेगावॅटची जड पाण्याची भट्टी आहे, बारसं तेवढं नवीन.

स्वस्त कशी पडणार, असं विचारलं तर ‘कारखान्यात घाऊक बनवल्या की’ म्हणा आणि तिथेच थांबा. घाऊक ऑर्डर आल्याशिवाय कारखाना निघत नाही, भाव उतरल्याशिवाय ऑर्डर येत नाही आणि कारखाना निघाल्याशिवाय भाव उतरत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

परदेशातली उदाहरणं जरूर द्या, फक्त अर्धी द्या. अमेरिकेत आयडाहोमध्ये न्यूस्केल कंपनीच्या भट्ट्या बसणार होत्या, इथवर सांगा. बाराच्या सहा झाल्या, सरकारी सवलत धरूनही मेगावॅट-तासाचा भाव ५८ डॉलरवरून ८९ वर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्पच गुंडाळला, हे त्यांचं त्यांना वाचू दे. रशियाची तरंगती भट्टी पेवेक बंदरात खरोखर वीज देते, चीनची शिदाओ खाडीतली २०२३ पासून व्यावसायिक पातळीवर देते. ही नावं ठणकावून घ्या. काम कधी सुरू झालं ते मात्र गाळा. रशियाचं २००७ साली आणि चीनचं २०१२ साली सुरू झालं होतं, आणि ‘झटपट जोडणी’ हा शब्द तुम्ही नुकताच वापरलेला असेल.

तारीख द्यायचीच वेळ आली तर २०३३ द्या. ती सरकारी आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात संशोधनाला २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत स्वदेशी बनावटीच्या किमान ५ छोट्या भट्ट्या, असं जाहीर झालंय. आठ वर्षं ही मुदत फार हिशेबी असते. आशा धरायला जवळ, आणि जाहीर करणाऱ्याची बदली व्हायला पुरेशी लांब. त्यात थोरियमच्या अणुइंधनाचं नाव मिसळलं की रंग भरतो. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीने रशियाच्या सरकारी अणुऊर्जा कंपनीशी, रोसाटॉमशी, थोरियमच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केलाय. ‘सामंजस्य’ हा शब्द हळू उच्चारा, ‘करार’ मोठ्याने.

शेवटी कुणीतरी जैतापूर काढतंच. काढू दे, खरी मजा तिथेच आहे. सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॅट, २०१० चा करार, आणि तिथल्या माडबनच्या सड्यावर आजही भट्टी नाही. एवढ्यावर तुम्ही टाळी मागायची : ‘बघा, म्हणूनच छोटी हवी!’ मोठं लुगडं विणून झालं नाही, तेव्हा रुमाल नक्की होईल, या तर्काला पंगतीत सहसा कुणी हरकत घेत नाही.

फक्त काकूंनी ताक वाढता वाढता ‘मग तुमच्याच तालुक्यात घ्या की एखादी’ म्हटलं, तर हात धुवायला उठा.