आधी मीटर बघा, मग कॉम्प्युटर द्या

आज सकाळी ग्रुपवर पुन्हा शाळेला कॉम्प्युटर भेट दिल्याचा तसाच फोटो. फीत, नारळ, हारतुरे आणि मागे दहा नवेकोरे डेस्कटॉप. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरकडची जिल्हा परिषदेची शाळा. झूम करून पाहिलं, तर सगळी मशिन्स एकाला एक जोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डांवर, आणि बोर्डाची केबल चपटी, दोन तारांची. म्हणजे अर्थिंग नाहीच! अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, फिल्टरमधून कॅबिनेटवर करंट उतरतो आणि अनवाणी पोराला झिणझिण्या येतात. हे कुणीच तपासत नाही?

आता हिशोब. मॉनिटरसकट एक डेस्कटॉप साधारण 100 वॉट खातो, दहांचे 1000. लाइट गेली की हा सगळा भार इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूबलर बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास देते. पण रोज निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर बसते, थोडं इन्व्हर्टर खातो. हाती उरतात साडेसातशे. म्हणजे जेमतेम पाऊण तास. घरगुती 900 व्हीएचा इन्व्हर्टर तर हा लोड उचलणारच नाही, ट्रिप होईल. तेच दहा लॅपटॉप 300 वॉटमध्ये भागतात, अडीच तास चालतात, वर त्यांची स्वतःची बॅटरी आहेच. लॅपटॉप चोरीला जातात, मान्य. मग सोबत लोखंडी कपाट द्या.

इंटरनेटचंही तेच. ऐरोलीत डेटा सेंटर उभी राहतात, आणि याच जिल्ह्यातले गुरुजी स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट देतात. एका विंडोज अपडेटमध्ये दिवसाचा डेटा संपतो. निदान विंडोजमधलं 'मीटर्ड कनेक्शन' हे डेटा वाचवणारं सेटिंग तरी चालू करून द्या. त्याहून बरं म्हणजे एक रास्पबेरी पाय 4 हा तळहाताएवढा कॉम्प्युटर ठेवा, 10 वॉटच्या आत चालतो. त्यावर कोलिब्री या ऑफलाइन शिकण्याच्या सॉफ्टवेअरचे धडे, किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या अ‍ॅपमधून मराठी विकिपीडिया, आणि साधा राउटर. बाहेरचं नेट शून्य असलं तरी वर्ग चालतो. मात्र हा पाय आणि राउटरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, कारण लाइट अचानक गेली की मेमरी कार्ड करप्ट होतं.

फोटोतल्या मॅडम किती खूश दिसत होत्या! त्यांच्यावर राग नाहीच. पावसाळ्यात तासन् तास लाइट गेली की पोरांना काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्याच गळ्यात पडणार. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कुणी घालायचं, हेही त्यांना कुणी सांगितलं नसणार.

तुमची कंपनी सीएसआरमधून शाळेला काही देणार असेल, तर आधी मीटर, मेन स्विच आणि वर्गातल्या सॉकेटचे फोटो मला पाठवा. लोड काढून देतो, पैसे नकोत.