तेलाच्या डब्यावरची तारीख

सप्रेम नमस्कार.

कॅलरी मोजण्यासंबंधीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले आक्षेप मला असे समजले: उष्मांकांचे आकडे मुळातच अंदाजे असतात, त्यामुळे त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही; आपल्या आज्यांनी कधी काही मोजले नाही; आणि मोजणारा पुरुष फोन घेऊन जेवायला बसतो, पण ‘तेल किती घातलेस, कूट किती घातलेस’ याचा हिशेब मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईला द्यावा लागतो. यांतला तिसरा आक्षेप मला लागला, कारण तो खरा आहे. म्हणून पहिल्या दोहोंबद्दल थोडक्यात लिहून त्याकडे वळतो.

आकडे अंदाजे असतात, हे मान्य. प्रथिने आणि कर्बोदके यांचे ग्रॅममागे ४ आणि स्निग्धांशाचे ९ उष्मांक, हे गणित एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञांनी बसवले, आणि ती सरासरी आहे. २०१२ साली अमेरिकी शेती खात्याच्या संशोधकांनी बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा २८ ग्रॅम बदामांतून शरीराला १७० नव्हे, तर १२९च उष्मांक मिळतात असे दिसले. तरीही माझे काम अडत नाही. घरचा काटा चुकीचा असला, पण रोज तेवढेच वजन जास्त दाखवत असेल, तर मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय बदलले, हे तो बरोबरच सांगतो. खरी अडचण आकड्यांची नसून आठवणीची असते. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ‘आम्ही १२०० उष्मांकांच्या आत खातो, तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्यांचा प्रत्यक्ष आहार तपासला, तेव्हा त्यांनी नोंदवलेला आहार खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ही माणसे मुद्दाम खोटे बोलत होती, असे मला वाटत नाही. चहाबरोबर तोंडात टाकलेले चार दाणे कोणाच्या लक्षात राहतात?

आजीच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्य मोजायची मापे कोठीत शोभेसाठी ठेवलेली नव्हती. माझी आजी भाकरीचे पीठ मापट्याने काढून देत असे आणि तेलाचा बुधला तिच्याच ताब्यात असे. तिला महिना निभवायचा होता, वजन उतरवायचे नव्हते, एवढाच फरक.

आता तिसरा आक्षेप. सुरुवातीच्या महिन्यात मी मोबाईलमधले ॲप वापरले आणि आपण वर्णन केलेला तो माणूस मीच होतो. ॲपमध्ये ‘एक वाटी उसळ’ असे लिहिलेले असते, पण वाटी केवढी आणि उसळ पळीवाढी की घट्ट, याचा पत्ता नसतो. म्हणून मी शास्त्र लावायला गेलो. रिकाम्या कढईचे वजन करून ठेवले आणि मटकीच्या उसळीचा पूर्ण हिशेब मांडला: कोरडी मटकी २०० ग्रॅम म्हणजे साधारण ६६०, तेल ३० ग्रॅम म्हणजे २७०, सुके खोबरे ३० ग्रॅम म्हणजे जवळजवळ १९०, एकूण ११२० उष्मांक; शिजलेली उसळ ९०० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १२५. हिशेब चोख होता. पण त्यासाठी फोडणी तडतडत असताना बायकोला तेल वाटीत ओतून काट्यावर ठेवावे लागले. तिसऱ्या आठवड्यात तिने ‘उद्यापासून उसळ तुम्हीच करा’ असे सांगून पळी माझ्या हातात दिली. मी चार दिवस स्वयंपाक केला आणि पाचव्या दिवशी ॲप काढून टाकले.

त्यानंतर जे सुचले ते आजीच्या कोठीतलेच होते. ताटातले मोजण्याऐवजी घरात येणारे मोजायचे. तेलाचा पाच लिटरचा डबा फोडला की त्यावर त्या दिवसाची तारीख लिहायची, बस. पाच लिटर तेल म्हणजे सुमारे ४,५५० ग्रॅम. आम्ही घरात चौघे. पहिला डबा २७ दिवसांत संपला, म्हणजे माणशी रोज ४२ ग्रॅम तेल आणि त्यातून जवळजवळ ३८० उष्मांक. हा आकडा पाहून मी एकटाच नव्हे, घरातले सगळेच गप्प झाले, आणि कोणीही कोणाला काही विचारलेले नव्हते! नंतरचा डबा ३६ दिवस पुरला, म्हणजे माणशी ३२ ग्रॅमच्या आत. दिवसाला साधारण ९५ उष्मांकांचा फरक पडला आणि उसळीच्या चवीबद्दल तक्रार आली नाही. साखर आणि शेंगदाणे यांचाही हिशेब याच पद्धतीने होतो: महिन्याला तीन किलो साखर म्हणजे माणशी रोज २५ ग्रॅम, म्हणजेच १०० उष्मांक.

पोळ्या आणि भात मी अजूनही ताटातच मोजतो, कारण त्यासाठी कोणाला त्रास द्यावा लागत नाही. दहा पोळ्यांचे कोरडे पीठ एकदा तोलून सरासरी काढून ठेवली; आमची पोळी तीस ग्रॅम पिठाची, म्हणजे शंभरेक उष्मांकांची. भाताच्या बाबतीत एवढेच सांभाळावे की वजन शिजलेल्या भाताचे आणि आकडा कच्च्या तांदळाचा, असे होऊ देऊ नये. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० उष्मांक असतात, तर तेवढ्याच शिजलेल्या भातात १३०च्या आसपास.

या पद्धतीत उणिवा आहेत. चौघे सारखेच खातात असे ती गृहीत धरते, आणि तळून उरलेले तेल कोठे गेले हे तिला कळत नाही. दिवाळीच्या महिन्याचा आकडा मी सरळ सोडून देतो. बाहेरचे खाणेही तिच्यात येत नाही. ज्याला डॉक्टरांनी नेमका आहार ठरवून दिला आहे, त्याला ती पुरणार नाही. आणि आपण शेवटी आपल्या भाचीबद्दल जे लिहिलेत, की आकडा पूर्ण झाला म्हणून ती रात्री जेवतच नाही, तिने ही पद्धतही वापरू नये आणि दुसरीही नको. तिने मोजणे थांबवून डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे. ही सूचना मूळ लेखात असायला हवी होती. ती आज मी तेथे पहिल्याच परिच्छेदात घातली आहे.

लग्नाच्या पंगतीत काय लिहायचे, असे आपण उपरोधाने विचारलेत. माझ्या वहीत त्या तारखेपुढे फक्त ‘लग्न’ असे लिहिलेले असते.