‘फोनवर बीपी कसा सांभाळणार?’ या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार. फार्मासिस्टने, म्हणजे मेडिकलवाल्याने, फोन आणि व्हिडिओ कॉलवरून रुग्णाच्या घरच्या बीपीवर लक्ष ठेवावं, असा माझा लेख होता. त्यावर “मेडिकलवाला फोनवरून बीपी बघणार, मग डॉक्टर कशाला? आणि आमच्या यावलकडच्या म्हाताऱ्या माणसांना मशीन लावता तरी येतं का?” असं आपण विचारलंत.

पहिला मुद्दा मान्य. गोळी बदलणं, डोस कमी-जास्त करणं हा अधिकार आपल्याकडे डॉक्टरांचाच. अमेरिकेत मिनेसोटातल्या 450 रुग्णांच्या अभ्यासात (2013) फार्मासिस्ट फोनवरून औषधही बदलत होते आणि बीपी चांगला आटोक्यात आला, पण तिथली पद्धत वेगळी. हा फरक लेखात ठळक लिहायला हवा होता.

मशीनचं म्हणाल, तर ते नीट लावलं जात नाही म्हणूनच व्हिडिओ कॉल हवा. शर्टाच्या बाहीवर पट्टा, खाटेवरून लोंबणारे पाय, मापताना चाललेल्या गप्पा, तोंडात तंबाखू. सगळ्याने आकडा वर जातो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायचं, लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून 5 मिनिटं गप्प बसायचं. पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर. 1 मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं 7 दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. ती 135/85 किंवा वर असेल तर आकडे डॉक्टरांकडे जातात.

खरा घोळ गोळ्यांच्या पिशवीत असतो. पिशवी खाटेवर रिकामी करायची आणि नातवाने एकेक पाकीट कॅमेऱ्यापुढे धरायचं. कंपनीचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा. एक गोळी जळगावच्या डॉक्टरांची, दुसरी भुसावळच्या. नावं वेगळी, आत दोन्हींत बीपीचं एकच औषध, अ‍ॅम्लोडिपिन. मग घोट्यावर सूज येते आणि सुजेसाठी लघवीची तिसरी गोळी सुरू होते. गुडघेदुखीसाठी आणलेली वेदनाशामक डायक्लोफेनॅक तर आजी डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण “ती थोडीच बीपीची आहे?” तीच बीपी चढवते, आणि सोबत बीपीची टेल्मिसार्टन व लघवीची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडाला धोका होतो.

मिठाचंही असंच. भाजीत मीठ कमी केलेलं असतं, पण पापडात मिठाशिवाय पापडखार असतो आणि त्यातही सोडियमच. दिवसाचं सगळं मिळून मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा.

आपल्याकडच्या 44-45 अंशांच्या उन्हात तर दर आठवड्याला फोन व्हायलाच हवा. क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी आणि वरून घाम, यात अंगातलं सोडियम उतरतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग बसून एकदा आणि उभं राहून 1 व 3 मिनिटांनी मापायचं. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर फार्मासिस्टने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. घरच्यांनी मनाने गोळी बंद करायची नाही.

180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, असं झालं तर फार्मासिस्टला फोन नको. थेट 108. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर आकडा न बघताच 108.