पाहुणे म्हणून या, वाजवून जा

अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या निमंत्रणावरून दौऱ्यावर निघालेल्या पाच-सहा जणांच्या वाद्यवृंदाने विमानात बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती म्हणजे आपण तेथे कामाला जात नाही. कामाला जाणाऱ्या माणसाला कामाचे तास ठरवून द्यावे लागतात, मुक्कामाला स्वतंत्र खोली द्यावी लागते आणि ठरल्या दिवशी पैसेही द्यावे लागतात. त्यापेक्षा त्याला पाहुणा म्हणणे कोणत्याही कार्यकारिणीला केव्हाही स्वस्त पडते. पाहुण्याला फक्त प्रेम द्यायचे असते, आणि प्रेमाच्या बाबतीत सिॲटलपासून अटलांटापर्यंतचे एकही मंडळ आजवर कमी पडलेले नाही.

या बाबतीत वेगळे मत असणारी एकच संस्था आहे, ती म्हणजे अमेरिकेचे सरकार. पर्यटक म्हणून आलेल्या माणसाने मानधन घेऊन तिकीट लावलेल्या कार्यक्रमात गाऊ-वाजवू नये, असे त्या सरकारचे म्हणणे असल्यामुळे तुमच्यासाठी पी-३ नावाचा व्हिसा ठेवलेला आहे. त्यासाठी तेथील निमंत्रकाने आधी अर्ज दाखल करायचा असतो, एका अर्जात २५ कलाकारांपर्यंत नावे घालता येतात आणि तुमची कला सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य आहे हे जाणकारांच्या पत्रांनी सिद्ध करावे लागते. शिवाय तेथील कामगार संघटनेचे लेखी मत घ्यावे लागते, म्हणजे तुमच्या ढोलकीमुळे अमेरिकेतील स्थानिक ढोलकीवाल्यांच्या पोटावर पाय येत नाही, याची सर्वांना खात्री पटते. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या तुमच्या मित्राला याच व्हिसाच्या पोटप्रकारात ‘अत्यावश्यक साहाय्यक’ असा दर्जा मिळतो. हा मान त्याला महाराष्ट्रातील कोणत्याही निर्मात्याने दिलेला नसल्यामुळे त्या कागदाची छायाप्रत त्याने चौकट करून घरी लावावी. नाट्यपदे, अभंग आणि लावणी यांच्या परंपरेवर अर्जात लिहिलेली पाने मात्र मुंबईतच ठेवून निघावे, कारण प्रत्यक्ष कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यानंतर मागच्या रांगेतून जी फर्माईश येते, ती सहसा मागच्या वर्षीच्या हिंदी चित्रपटातली असते.

या सगळ्याला कंटाळून काही अनुभवी निर्माते ‘वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मावशीकडे चाललो आहोत असे सांगा’ असा सल्ला देतात. तो सल्ला निःशंकपणे ऐकावा, कारण त्यात निर्मात्याला कसलाही धोका नाही. विमानतळावरून परत पाठवले जाणारे तुम्ही असता, आणि मावशीही तुमचीच असते.

सामानाचा विचार करताना वाद्ये शेवटी भरावीत. गायक हार्मोनियमच्या काळी एकमध्ये गातो आणि गायिका पांढरी पाचमध्ये, म्हणून तबलजीला दोन निरनिराळ्या पट्ट्यांचे तबले न्यावेच लागतात. परंतु प्रत्येकी २३ किलोच्या बॅगेत आधी निर्मात्याने यजमानांना कबूल केलेला चिवडा, गोडा मसाला आणि रंगमंचावरच्या कमानीचे पडदे जायला हवेत. उरलेला तबला हातात घेऊन चालावे. सुरक्षा तपासणीच्या पडद्यावर त्याच्या शाईची काळीकुट्ट गोल चकती उमटली की लोखंडाचा कीस आणि भाताची खळ यांपासून ती कशी बनते, हे गणवेशातल्या अधिकाऱ्याला समजावून सांगण्याची संधी मिळते. दौऱ्यात तुमच्या वाद्याविषयी मनापासून प्रश्न विचारणारा बहुधा हाच पहिला आणि शेवटचा श्रोता असल्याने त्याला घाई करू नये. तबल्याच्या पिशवीतच त्याचा स्वर जुळवायची हातोडीही ठेवावी, म्हणजे ती तेथेच जमा होते आणि पुढचा सगळा प्रवास हलका होतो. अमेरिकेत २०१२ साली झालेल्या कायद्यानुसार आणि २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार जागा असेल तर वाद्य विमानात सोबत नेऊ द्यावे लागते. या नियमाची प्रत जवळ बाळगावी. काउंटरवरील बाई ती अगत्याने वाचतात आणि जागा नाही असे त्याहून अगत्याने सांगतात.

दौऱ्याची आखणी नकाशा न पाहता झालेली असते, हे गृहीत धरून चालावे. मंडळांचे कार्यक्रम शनिवारी किंवा रविवारी होतात, फार तर शुक्रवारी रात्री. गणपती तेथे येतात, पण त्या सुमारास शाळेचे सभागृह ज्या शनिवारी मोकळे असेल त्या शनिवारी येतात, आणि दिवाळीही असाच समजूतदारपणा दाखवते. म्हणून सहा आठवड्यांच्या दौऱ्यात कमाईचे दिवस जेमतेम बारा असतात आणि बाकीचे दिवस नायगारा पाहण्यासाठी असतात. नायगारा तुम्ही आधी पाहिला असला तरी तसे सांगू नये, यजमान हिरमुसतात. शनिवारी रात्री सिॲटलला कार्यक्रम आणि रविवारी दुपारी अटलांटाला, असे वेळापत्रक हाती आले तर ते कुणाला तरी चुकून सुचले असेल असे समजू नका. साडेतीन हजार किलोमीटरचे हे अंतर विमान पावणेपाच तासांत कापते, वाटेत घड्याळ तीन तास पुढे पळते, म्हणजे पहाटे सहाला निघून पावणेदोनला उतरता येते आणि चारच्या कार्यक्रमाआधी आंघोळीला नसली तरी तोंड धुवायला सवड मिळते. शुक्रवार-शनिवारची जोडी फिनिक्स आणि ह्यूस्टन अशी लागली, तर वाळवंटाच्या कोरड्या हवेत तबल्याच्या तोंडावरची कातड्याची पुडी ताणली जाऊन तबल्याचा स्वर चढतो आणि दुसऱ्या दिवशी आखाताच्या दमट हवेत तो खाली येतो. हार्मोनियमचा सूर जागचा हलत नाही, त्यामुळे तबला काय तो सुरात मिळवून घ्यायचा असतो, आणि हातोडी कोठे आहे हे वर सांगितलेच आहे.

या काळात महाराष्ट्रात गणेशोत्सवाचे कार्यक्रम चालू असतात आणि ढोलकीवाल्याची वर्षाची निम्मी कमाई त्या दहा दिवसांत होत असते. त्याने ही गोष्ट तेथे कोणापाशी काढू नये. अमेरिका पाहायला मिळाली, असे लोक म्हणतात, आणि ते खोटेही नसते; ती त्याला गाडीच्या मागच्या काचेतून पुष्कळच दिसते.

मुक्कामाची व्यवस्था हा दौऱ्याचा खरा गाभा असल्यामुळे तेथे मात्र सावध राहावे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली स्थापन झाली, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडच्या नाटक कंपन्या बिऱ्हाड सोबत घेऊन गावोगाव हिंडत. कंपनीचा आचारी असे, पंगत असे, आणि भांडणे झाली तरी ती एका छपराखाली होत. तुम्हाला हे सुख नाही. विमानतळाच्या वाहनतळावर, तुमच्यादेखत, ‘कोण कोणाकडे’ याची वाटणी होते. गायकाला अध्यक्ष आधीच उचलतात, गायिका आणि निवेदिका डॉक्टरांच्या घरी जातात, आणि तबलजी उरतो. मग ज्यांच्याकडे गेल्या महिन्यातच बाळ झाले आहे असे एक तरुण जोडपे, शहरापासून पन्नास किलोमीटरवर राहत असूनही, मोठ्या मनाने त्याला तळघरातला सोफा देऊ करते. बाळ झोपलेले असल्यामुळे तेथे रियाज करायचा नसतो. तापमानाच्या यंत्राला हात लावायचा नसतो. रात्री पाणी प्यायला वर आलात तर चोराची घंटा वाजते, म्हणून तहान लागण्याची वेळ यजमानांना आधी कळवून ठेवावी.

सकाळी पोहे असतात. ‘तुम्हाला घरच्या जेवणाची आठवण येत असेल’ या काळजीपोटी मागच्या चारही शहरांत पोहेच झालेले असतात, हे सांगू नये. पोहे संपत आले की यजमानांची कन्या गायला बसते. ती दर रविवारी इंटरनेटवरून पुण्यातील बाईंकडे शिकते, आणि खरे सांगायचे तर यांतल्या काही मुली फार सुरेल असतात, इतक्या की क्षणभर आपण दौऱ्यावर आहोत याचा विसर पडतो. पण तो क्षण लगेच संपतो, कारण वडिलांना त्यानंतर तुमचे मत हवे असते आणि मत देऊन झाल्यावर स्वतःची कहाणी सांगायची असते. दोन बॅगा घेऊन ते या देशात कसे उतरले, ग्रीन कार्डासाठी किती वर्षे रांगेत उभे राहिले, आणि तबला शिकायचा कसा राहून गेला, हे सगळे ऐकताना मान तालात हलवावी. गायकाला संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी गळा राखायचा असतो आणि दिवसभर मौन पाळायचे असते, पण बोलणे हेच त्या घराचे भाडे असल्यामुळे ते थकवून चालत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ध्वनिचाचणी दुपारी बाराला ठरलेली असते. तेथे पोहोचल्यावर मिक्सरशेजारी एक सद्गृहस्थ भेटतात, जे आठवडाभर एका बँकेचे सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवारी, एकही पैसा न घेता, तुमचा आवाज सांभाळतात. फुकट काम करणाऱ्या माणसाला मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, हार्मोनियम अजिबात ऐकू येत नाही असे सांगणे असभ्यपणाचे ठरते, आणि तुमच्या अत्यावश्यक साहाय्यकाला त्या मिक्सरला हात लावू देणे हा तर सरळ अपमानच होय. चार वाजता सोहळा सुरू होतो. दीपप्रज्वलन, लहान मुलांचे गणेशस्तोत्र, जुन्या कार्यकारिणीचे आभार, नव्या कार्यकारिणीची ओळख, घरे विकणाऱ्या प्रायोजकांचे मनोगत, विमा विकणाऱ्या प्रायोजकांचे त्याहून सविस्तर मनोगत, आणि भेळेसाठी मध्यंतर. तुम्ही तोवर पडद्यामागे भरजरी कपड्यांत बसून तबला पुन्हा मिळवत राहावे. पावणेआठला तुमचे नाव पुकारले जाते. सभागृह शाळेचे असते आणि दहा वाजता रिकामे न केल्यास पुढच्या तासाचे भाडे मंडळाला भरावे लागते, म्हणून तीन तासांच्या कार्यक्रमाला कात्री लावण्यासाठी सांस्कृतिक सचिव विंगेत चिठ्ठ्या घेऊन उभे असतात. पहिल्या चिठ्ठीत तबल्याचे एकलवादन जाते. दुसरीत निवेदिकेची सगळी वाक्ये जातात, जी तिने सहा महिने खपून लिहिलेली असतात. साडेनऊच्या सुमारास मसालेभाताचे डबे उघडतात आणि त्यांचा वास सभागृहात शिरतो. त्यानंतर भैरवी ज्याला ऐकू जाते, त्याचे दोन्ही हात जोडून आभार मानावेत.

आता मानधनाविषयी. परदेशी कलाकाराच्या अमेरिकेतील ढोबळ मिळकतीतून ३० टक्के कर आधीच कापून घ्यावा, असा तेथील कायदा आहे, म्हणजे विमानभाडे आणि वकिलाची फी वजा होण्यापूर्वीच्या रकमेतून. तो कमी करून घेण्यासाठी पहिल्या कार्यक्रमाच्या निदान ४५ दिवस आधी करखात्याकडे करारासाठी अर्ज करावा लागतो; तुमच्या निर्मात्याला ही तरतूद शेवटच्या आठवड्यात आठवते. साथीदारांना या आकडेमोडीचा त्रास नको म्हणून त्यांच्याशी बोलणे रुपयांत आणि मोघम झालेले असते. हिशेब मागण्याची इच्छा झालीच, तर ती परतीच्या विमानतळावर, रांगेत, निर्माता पासपोर्ट शोधत असताना व्यक्त करावी. जादा सामानाचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले, हे तेव्हा कळते. मानधन थोडे कमी वाटले तर तुम्ही किती घरी जेवलात याची आठवण तो करून देईल, आणि ती संख्या खरोखरच मोठी असते.

परतताना बॅगेत थोडी जागा ठेवलीच पाहिजे. प्रत्येक यजमानाने कोथरूडच्या आईसाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बदामाचे पाकीट आणि नातीचा फोटो दिलेला असतो, आणि तबल्याचा एक जोड मुंबई विमानतळावर यायचा राहिला तरी ही पाकिटे मात्र न चुकता पोहोचतात. ती दुसऱ्याच दिवशी नेऊन द्यावीत. आजी दार उघडतात, पाणी देतात, मुलाचे घर कसे आहे ते तपशीलवार विचारतात. तळघर प्रशस्त आहे, असे सांगावे. मग त्या पोहे पुढे ठेवतात आणि ‘सुट्टी छान झाली ना?’ असे कौतुकाने विचारतात. त्यांना हो म्हणावे, बशी रिकामी करावी आणि लवकर निघावे. संध्याकाळी सहाला तालीम असते, आणि दुसरा तबला कोणाकडून तरी मागून आणायचा असतो.