इंदूरच्या टॉकीजला सभासद हवेत

इंदूरच्या आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद रंगलाय: पिक्चर टॉकीजमध्ये जाऊन बघावा की नाही? लोकमान्य नगरचे काका म्हणतात, चौघांची तिकिटं आणि वर पॉपकॉर्न, एवढ्यात घरची पंधरा दिवसांची भाजी येते. रामबागेतल्या आत्याचं म्हणणं, दोन महिने दम धरला की तोच पिक्चर घरी दिसतो. मावसभावाचं दुखणं वेगळंच आहे. मराठी पिक्चर इंदूरला लागतो तो भरदुपारच्या एखाद्या शोला, आणि नोकरदार माणूस रजा काढेपर्यंत उतरलेलाही असतो.

तिघांचंही खरं आहे. पण तिघेही तिकिटाच्या किमतीपाशीच थांबतात, आणि माझ्या मते गाठ दुसरीकडे आहे.

मी फ्रान्समध्ये लिऑनला राहतो. ल्युमिए बंधूंनी १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार जिथे टिपले, ती जागा याच शहरात आहे आणि आज तिथे थिएटर आहे. गेला आठवडा सुट्टीचा होता, तो मी जवळजवळ सगळा नवे पिक्चर बघण्यात घालवला. इथे नवा पिक्चर बुधवारी लागतो. शाळांची आठवड्यातली मधली सुट्टी १९७२ मध्ये गुरुवारवरून बुधवारवर आली, तेव्हापासून पिक्चरचा वारही बदलला. बुधवारी मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये एक गाजावाजा झालेला अमेरिकन पिक्चर पाहिला, चकचकीत आणि पोकळ. दुसऱ्या दिवशी ल्युमिए फुर्मी नावाच्या छोट्या थिएटरात गेलो. डोंगरातल्या एका मेंढपाळ बाईवरचा पिक्चर, नावाजलेलं कोणी नाही, संवाद जेमतेम. आत बहुतेक निवृत्त मंडळी, दोघी-तिघी थेट बाजारातून पिशव्या घेऊन आलेल्या. दिवे लागल्यावर त्या दारातच उभ्या राहून शेवटाबद्दल हिरिरीने वाद घालत होत्या. अशा पिक्चरला कामाच्या दिवशी दुपारी माणसं येतात, हे मला इंदूरच्या वादापेक्षा मोलाचं वाटतं.

ती का येतात? एक कारण मासिक पास. महिन्याला ठरलेली रक्कम भरा आणि हवे तेवढे पिक्चर बघा, अशी योजना एका मोठ्या कंपनीने २००० मध्ये काढली, तेव्हा छोटे थिएटरवाले हादरले. २००१ मध्ये कायदा झाला: असा पास काढायचा तर सरकारी मंजुरी घ्या, छोट्या थिएटरांना त्यात सामील व्हायची वाट ठेवा, वितरकाचे पैसे बुडवू नका. दुसरं कारण तिकिटातच आहे. प्रत्येक तिकिटाचे १०.७२ टक्के राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे जातात. त्यातला काही भाग नव्या पिक्चरना मिळतो, काही थिएटरच्या खात्यावर जमा होतो आणि त्यातून खुर्च्या, पडदा, आवाज सुधारता येतो. त्या पोकळ अमेरिकन पिक्चरच्या तिकिटातूनही मेंढपाळ बाईच्या पिक्चरसारख्यांना हात मिळतो. शिवाय थिएटरनंतर घरी पैसे भरून बघायला साधारण चार महिने थांबावं लागतं. २०२४ मध्ये या देशात १८ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली, ती या बांधणीवर.

आपल्याकडे मात्र चर्चा दराची. कर्नाटक सरकारने २०२५ मध्ये तिकिटाला २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, उच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. नुसता दर बांधून चांगला पिक्चर दुसरा सोमवार बघत नाही. मल्टिप्लेक्सचा हिशोब बघा. २००९ मध्ये निर्मात्यांचा संप मिटला तेव्हा ठरलं की वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. म्हणजे पिक्चर जितका टिकेल तितका थिएटरचा फायदा. तरी तो उतरवतात, कारण पहिल्या रविवारनंतर खुर्च्या रिकाम्या. २०२३ मध्ये पीव्हीआर आयनॉक्सने महिना ६९९ रुपयांत दहा पिक्चरचा पास काढला होता, तोही सोमवार ते गुरुवारपुरता. रिकामे दिवस कोणते, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे.

इथलं सगळंच मला आवडतं असं नाही. इथे शिटी नाही, इंटरव्हल नाही. शेजारच्या अनोळखी माणसाने हसून आपल्याकडे बघावं, हे इंदूरच्या सपना-संगीता टॉकीजच्या गर्दीत अनुभवलेलं सुख इथे मिळत नाही. ज्या शहरात टॉकीजच्या नावाने चौक आणि रस्ते ओळखले जातात, रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड, त्या शहराला पिक्चरचं प्रेम कोणी शिकवायला नको.

आणि इंदूरच्या मराठी माणसाला वर्गणी भरायलाही शिकवायला नको. इंदुरात मराठी नाटकं आणणाऱ्या सानंद न्यास या संस्थेचे सभासद वर्षाची वर्गणी आधी भरतात, पुण्या-मुंबईचं नाटक येतं, सभासदांच्या गटांसाठी त्याचे लागोपाठ प्रयोग होतात. कुठलं नाटक येणार हे कळण्याआधी पैसे भरलेले असतात, म्हणूनच नाटक येतं. हीच रीत मराठी पिक्चरला का नको? महाराष्ट्रात मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्यावा म्हणून २०१५ मध्ये सरकार पुढे आलं होतं. मध्य प्रदेशात आपल्यासाठी तसं कोणी येणार नाही.

म्हणून मी ग्रुपवर असं मांडलंय: महिन्यातला एक मंगळवार, संध्याकाळी सातचा शो, राजेंद्र नगरपासून तिलक नगरपर्यंतच्या सभासदांची यादी आधीच तयार. तिकीट शंभर रुपयांच्या आत ठेवलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी ५ टक्के आहे, शंभरच्या वर गेलात की १८. मंगळवारी रिकामा राहणारा पडदा कोणता मॅनेजर नाकारेल? पिक्चर डिजिटल आहे, रिळांचे डबे पाठवायचे नाहीत. वितरकाकडे एक आग्रह मात्र सोडू नका: खाली हिंदी सबटायटल हवेत. आमच्या भाचरांना मराठी समजतं, पण भराभर संवाद सुरू झाले की निसटतं, आणि यादीत त्यांची नावं नसतील तर दहा वर्षांनी ती यादी भरायला कोणी उरणार नाही.