पहिली सही कोण करणार?

कानिफनाथाच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना बंदी घालणारा मढी गावच्या ग्रामसभेचा ठराव एव्हाना जुना झाला होता. पण आमच्या चौकात फ्लेक्स लागला आणि विषय परत चहात पडला. 'खरेदी आपल्याच माणसाकडून'. खाली पंधरा फोटो, त्यातले बारा गॉगलवाले.

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. "मी कुणाच्या विरोधात नाही, पण..." हा माणूस 'पण'च्या आधी कधी काही बोलल्याचं कट्ट्याला आठवत नाही. "मढीला महिनाभर गाव तळण करत नाही, लग्नं नाहीत, शेतीची कामं बंद. ते व्यापारी पाळतात का? म्हणून यात्रेत बंदी."

"बरं," अण्णा म्हणाले. अण्णा निवृत्त ग्रामसेवक. "मग आपला जिलेबीवाला तिथं जिलेबी उकडून विकतो का?"

पैलवानाला ठसका लागला.

"तसं नाही अण्णा, परंपरा..."

"परंपरेचंच बोलतोय. आपल्या कानिफनाथाला ते शाह रमजान म्हणतात, तीही जुनीच. आणि ग्रामसभेनं पाण्याच्या टाकीचा ठराव करावा. रेवड्या कुणी विकायच्या हे ती कोण ठरवणार? गटविकास अधिकाऱ्यानं ठराव बेकायदा ठरवला तो काय उगाच?"

"मंत्री पाठीशी होते!"

"असतील. त्यानं कलम बदलत नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला. म्हणजे आता निवेदन. त्यांचं मागचं निवेदन स्पीडब्रेकरचं होतं, स्पीडब्रेकर अजून यायचाय. "2016 चा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे ना?"

"तो जातपंचायतीसाठी, आपल्याच समाजातल्याला वाळीत टाकलं तर. इथं न्याय संहितेचं 196, दोन समाजांत तेढ लावण्याचं. आणि 2023 साली सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलंय, द्वेषाचं भाषण असेल तर तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा."

"मग नोंदवतील की पोलीस!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"ते आपली वाट बघतायत, आपण त्यांची. फ्लेक्स मजेत आहे." अण्णांनी कप ठेवला. "कलमाचं नंतर बघू. त्या फ्लेक्सवर परवानगीचा नंबर दिसतोय का? नाही ना? 1995 चा विद्रूपीकरणाचा कायदा. महापालिकेत एक अर्ज द्यायचा."

पैलवान म्हणाला, "अर्ज कशाला, मी रात्री फाडतो."

"आणि सकाळी तुझाच फोटो लावतील, गॉगलशिवाय."

मास्तरांनी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं. मग सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. मीही मोबाईल बघत होतो, खोटं कशाला सांगू.

सलीम इतका वेळ गप्प होता. जत्रांतून बांगड्यांचं दुकान लावतो. "द्या, मी करतो पहिली. नाहीतरी बोर्ड माझ्याच नावाचा आहे."

"तू हात लावायचा नाही," अण्णा कडाडले. "ज्याला हुसकावतायत त्यानंच तक्रार करायची, तर आम्ही काय इथं नुसते चहा प्यायला बसलोय?"

"मला तर तसंच वाटायचं," सलीम म्हणाला. मग भाऊसाहेबांकडे वळून, अगदी अदबीनं, "भाऊसाहेब, बहिष्कार घाला, ना नाही. आधी वहिनींच्या संक्रांतीच्या बांगड्यांचं तेवढं..."

भाऊसाहेबांचा 'पण' घशातच राहिला.

हशा थांबेपर्यंत पैलवानानं सही ठोकली होती. चार ओळी खाऊन. खाली अण्णांची, माझी. मास्तरांना जागाच उरली नाही, म्हणून कागद उलटला. मागे गणपतीच्या वर्गणीचा हिशोब. भाऊसाहेबांच्या नावापुढे 501, आणि त्यापुढे 'येणे बाकी'.

"हे कुणी लिहिलं?" भाऊसाहेब उठून उभे राहिले.

त्यापुढचा अर्धा तास फ्लेक्सचं नावही निघालं नाही.