चुलीने जंगल खाल्लं, असं कोण म्हणतं?

सध्या या आशयाचा एक मजकूर सगळीकडे फिरतोय: खेड्यांतल्या चुली रोज लाखो झाडं गिळतात, सरकारने गॅस दिला तरी लोकांची सवय जात नाही, लाकूड काय नि लाकडी कोळसा काय, दोन्ही बंद केले की जंगल वाचेल.

आधी झाडं गिळण्याचं बघू. ओलं लाकूड चुलीत पेटत नाही, नुसतं धुमसतं. म्हणून सरपणाला जाणारी बाई वाळक्या फांद्या शोधते. उभा बुंधा पाडायचा, फोडायचा आणि डोक्यावरून आणायचा, हे कोयत्याने होणारं काम नाही. शिवाय सगळं सरपण रानातलं नसतंच. विदर्भ-मराठवाड्यात कित्येक घरांच्या चुली तुराट्या-पऱ्हाट्यांवर, म्हणजे तूर-कापसाच्या वाळक्या काड्यांवर चालतात. जोडीला गोवऱ्या, बांधावरची बाभूळ, ओढ्याकाठची वेडी बाभूळ. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2011 च्या अहवालातला अंदाज असा: देशात घरगुती सरपण वर्षाला सुमारे 21.6 कोटी टन, त्यातलं जंगलातून आलेलं 5.9 कोटी टनांच्या आसपास. म्हणजे जवळपास पाऊण वाटा जंगलाबाहेरचा. 1970 च्या दशकातही जगभर असंच भाकीत झालं होतं, की सरपणापायी गरीब देशांतली जंगलं लवकरच संपतील. ते फसलं, कारण शेतातली झाडं आणि काटक्या त्या हिशेबात नीट धरल्याच नव्हत्या.

उरलेला पाव वाटाही थोडाथोडका नाही. शहरात मोळ्या विकायला जातात तिथलं गावालगतचं रान विरळ होतं, हे खरंच आहे. पण त्याचं खापर प्रत्येक चुलीवर फोडता येत नाही.

आता सवयीचं. उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि जोडण्या खरोखर कोट्यवधी झाल्या. पण 2023-24 मध्ये उज्ज्वलाच्या ग्राहकांनी वर्षाला सरासरी चारपेक्षाही कमी टाक्या घेतल्या. पाच माणसांच्या घरात एक टाकी महिना-दीड महिना जाते. उरलेले महिने काय करायचं? मजुरी रोजची आणि टाकीचे पैसे एकदम मोजायचे, त्यात अनुदान खात्यात जमा होतं ते नंतर. चहा गॅसवर, भाकरी नि आंघोळीचं पाणी चुलीवर, ही त्यातून निघालेली काटकसर आहे. धूर कोणाला आवडतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुराने 2020 मध्ये जगभरात सुमारे 32 लाख माणसं गेली. त्या मजकुरात याचा एक शब्द नाही. काळजी फक्त झाडांची!

कोळशाचा हिशेब मात्र वेगळा. साध्या मातीच्या भट्टीत किलोभर कोळशासाठी पाच किलोंहून जास्त लाकूड लागतं, आणि तिथे फांद्यांबरोबर बुंधेही जातात. आफ्रिकेतल्या झांबियात लुसाकासारख्या शहरातल्या घरांचा स्वयंपाक मोठ्या प्रमाणावर कोळशावर होतो. तिथे जंगलावर पडणारा भार खरा आहे. आपल्याकडे कोळसा पाडायला रायगडची कातकरी कुटुंबं दूरदूरच्या भट्ट्यांवर जातात. तो कोळसा त्यांच्या चुलीत जळत नाही, विकला जातो. शहरातल्या तंदूरच्या शेगड्यांना तोच लागतो.